मोती चावायची कवळी

ताई कवळ्या बनवायची. ती डॉक्टर नव्हती. डॉक्टर माणसांच्या तोंडात बघतात, ताईकडे यायचे ते त्या तोंडांचे प्लास्टरचे साचे. घराच्या मागच्या खोलीत तिचा सगळा पसारा: मेण वितळवायचा दिवा, दात घासायचं यंत्र, प्लास्टरची पोती आणि भिंतभर फळ्यांवर ओळीनं मांडलेले जबडे. नव्या माणसाच्या घशाखाली त्या खोलीत पाणी उतरत नसे. ताई मात्र त्या सगळ्या जबड्यांसमोर बसून खुशाल जेवायची. माणसांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, तोंडं राहत. हा डावीकडूनच चावतो, ही बाई रागात दात आवळते, हा झोपेत दात खातो, असा तिचा गावाशी परिचय.

घरात दोघीच, ताई आणि तिची आई. आईच्या जिभेला धार होती आणि ती रोज लेकीवरच परजली जायची. आईनं ताईचं कौतुक केल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. "लोकांच्या तोंडात दात बसवतेस, स्वतःच्या तोंडावर जरा हसू बसव की," हे त्यातल्या त्यात प्रेमाचं वाक्य. चहा पाणचट, केस विस्कटलेले, चालताना पाय आपटतेस, दारं उघडी टाकतेस. ताई पन्नाशीला आली तरी आईच्या लेखी ती अजून धड दार लावायला शिकलेली नव्हती.

आईच्या तोंडात सगळे दात ताईनंच बनवलेले होते आणि कवळीशिवाय तोंड उघडणं आईला मरणाहून लाजिरवाणं वाटे. सकाळी कवळी बसेपर्यंत ती एक शब्द बोलायची नाही. काही हवं असलं की चमचा घेऊन कपावर वाजवायची. दोनदा सावकाश, मग एकदा झटकन. टक्, टक्, टक. याचा अर्थ, ये. ताई म्हणायची, "आले." की झालं.

एका सकाळी कवळी आईच्या हातातून बेसिनमध्ये निसटली. खालच्या पट्टीचे दोन तुकडे झाले आणि वरचीला मधोमध तडा गेला. ती आधीच इतक्यांदा सांधलेली होती की आता सांधायला मूळची जागाच उरली नव्हती.

"नवीनच करते," ताई म्हणाली, "पण थोडं थांबावं लागेल हं आई."

थांबावं लागणार होतं, कारण डॉक्टरांकडून आलेली कामं अंगावर होती. त्यात एक नाटकातला नट होता. त्याचा प्रयोग तोंडावर आलेला आणि समोरच्या दातांशिवाय त्याला राजाची भाषणं ठोकता येणार नव्हती. घरचं काम नेहमीच मागे पडतं, तसं आईचं पडलं. आई तोंड मिटून खिडकीपाशी बसली आणि चमचा वाजवायला लागली.

पाणी हवं, टक्, टक्, टक. खिडकी लाव. खिडकी उघड. उशी सरकली. ताई हातातलं मेण टाकून धावायची, परत येईपर्यंत मेण थिजलेलं. काही वेळा तर काहीच नको असायचं. ताई दारात येऊन उभी राहिली की आई तिच्याकडे नुसती बघायची आणि मान फिरवायची. दिवसभर तो आवाज ऐकून ताईचे कान किटले, डोकं उठलं. नटाचा पुढचा दात बसवताना पुन्हा टक् झालं, तिचा हात घसरला आणि राजाचा दात वाकडा बसला.

ताईनं सुरी ठेवली आणि वरच्या फळीकडे पाहिलं.

तिथे एक डबी होती. तिच्यात एक पूर्ण जोडी होती, वरची आणि खालची, कुणी न नेलेली. एका शिवणकाम करणाऱ्या आजींची. त्यांच्या नातीनं त्यांना एकदा दुकानातून बबल टी आणून दिला होता. थंड दुधाळ चहा, तळाशी काळे चिवट मोती, ओढायला जाडजूड नळी. आजींच्या बोळक्यात मोती काही थांबेनात, गटागट घशात जायला लागले. दोघी हसून हसून लोळल्या, आणि दुसऱ्याच दिवशी आजी डॉक्टरांसमोर हजर. म्हणाल्या, मला मोती चावता येतील असे दात द्या. नात आता परदेशी चाललीय, ती परत आली की घरी करून तिच्याबरोबर पिणार आहे. डॉक्टरांनी हे ताईला हसत हसत सांगितलं होतं आणि ताईनंही कधी नव्हे ते मन लावून दाढांना जरा उंच कंगोरे दिले होते. कवळी तयार झाली त्या आठवड्यात आजी गेल्या. नात दूरदेशी. डबी फळीवर राहिली.

ताईला हे काम ज्यांनी शिकवलं ते मास्तर एक गोष्ट सारखी बजावायचे. एकाची कवळी दुसऱ्याच्या तोंडात कधी घालायची नाही. का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. ताईला वाटायचं, स्वच्छतेसाठी म्हणत असतील. आणि ही तर कुणाच्या तोंडात गेलेलीच नव्हती. तिनं आतली बाजू घासली, आईच्या जुन्या साच्यावर बसवून पाहिली, मऊ अस्तर भरलं. बसली. इतकी चपखल बसली की ताईच्या मनात पाल चुकचुकली. पण बाहेरून पुन्हा चमचा वाजला, आणि तिनं तो विचार झटकला.

"तात्पुरती आहे," ती आईच्या तोंडात कवळी बसवत म्हणाली. "तुझी तयार होईपर्यंत. आता कृपा कर आणि तो चमचा खाली ठेव."

आईनं जबडा इकडून तिकडे हलवला. वरचे दात खालच्यांवर टेकवून पाहिले. मग ती हसली. आईचं हसू ताईला माहीत होतं, ते एका कोपऱ्यातून यायचं आणि टोचून जायचं. हे पूर्ण तोंडभर आलं.

"किती छान केलंयस गं, बाळ," आई म्हणाली.

ताईचा कानांवर विश्वास बसेना. ती तशीच उभी राहिली, हातात घासायची कानस, आणि मूठभर मांस चढलं अंगावर. एवढी मोठी बाई, पण डोळे भरून आले. तिनं पटकन नाक पुसलं आणि राजाचा दात सरळ करायला गेली. दुपारभर घर शांत होतं.

दुसऱ्या दिवशी आईनं टॅपिओकाचं पीठ मागितलं.

"कसलं पीठ?" ताईनं विचारलं.

"अगं, साबुदाणा ज्या कंदाचा होतो ना, त्याचं पीठ. आणि काळपट साखर आण. आणि जाड नळ्या," आई म्हणाली. "तुला मोती करून घालते."

आई गेली कित्येक वर्षं चहात साखर घेत नव्हती. गोड खाणाऱ्यांना ती माश्या म्हणायची. ताईनं डोळे विस्फारले, पण पीठ आणलं. आईनं पातेल्यात साखर आणि पाणी उकळत ठेवलं. पाण्याला चांगली खळखळ उकळी आल्यावर ते पिठावर ओतलं आणि ताबडतोब हात घातला.

"भाजेल!" ताई ओरडली.

"गरम असतानाच मळायचं, बाळ. निवलं की पीठ ऐकत नाही."

ज्या बाईला गरम कप फडक्याशिवाय धरवत नसे, ती वाफाळता गोळा तळहातांनी दाबत होती. तिनं गोळ्याचे दोरे वळले, सारख्या जाडीचे, बोटांच्या पेरांनी मापत. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवताना बघतात तसं प्रत्येक दोऱ्याकडे बघितलं. सुरीनं बारीक तुकडे पाडले, तळव्यात फिरवून मोती केले, ते उकळले आणि गाळून लगेच पाकात सोडले.

"पाकाबाहेर ठेवायचे नाहीत," ती हसत म्हणाली. "कोरडे राहिले की एकमेकांना असे चिकटतात, की चावायला गेलं तर कवळीच उचकटून घेतील."

थंड चहा, दूध, बर्फ, तळाशी मोती. दोन ग्लास. आईनं नळी तोंडात धरली, एक मोती ओढला आणि डोळे मिटून सावकाश चावला. ताईलाही आवडलं, खोटं कशाला बोला. समोर बसून कुणी आपल्यासाठी काही केलंय आणि वर केसांवरून हात फिरवतंय, असं तिच्या आयुष्यात पूर्वी झालं नव्हतं.

तेवढ्यात आवाज आला. टक्, टक्, टक.

आईच्या उजव्या हातात चमचा होता आणि तो ग्लासवर वाजत होता. दोनदा सावकाश, एकदा झटकन. आईचं तोंड हसत होतं, चावत होतं. हाताकडे तिचं लक्षच नव्हतं.

"काय हवंय, आई?" ताईनं विचारलं.

"मला? काही नाही, बाळ," तोंड म्हणालं. हात वाजवतच राहिला.

पाक ढवळत असेल, ताईनं मनाशी म्हटलं.

रोज तसंच व्हायला लागलं. रोज मोती, रोज दोन ग्लास. आई बाकी अन्नाला शिवेना. "नको, बाळ, हेच पुरे," म्हणायची. एकदा तिनं ताईच्या कामाच्या एप्रनची कड चिमटीत धरली, "शिवण उसवलीय बघ," म्हणाली, आणि बसल्या बसल्या इतके बारीक टाके घातले की शोधून सापडू नयेत. आईला बटण लावता येत नव्हतं. कुणाचे दात आहेत, कुणाचे टाके आहेत, हे न कळायला ती काही दुधखुळी नव्हती. तिला सगळं कळलं. कळूनही तिनं तो एप्रन घातला आणि म्हणाली, "छान झालंय."

आईची नवी कवळी मेणात अर्धवट तयार होती. ताई रोज ती हातात घ्यायची आणि रोज दुसरं काम काढायची. नटाचं काम संपलं. मग एका शिक्षकाचं आलं, मग कुणाकुणाचं. कुणी विचारलं असतं तर तिनं कामाचा डोंगर दाखवला असता. खरी गोष्ट अशी, की संध्याकाळी काम आटोपून बाहेर आलं की कुणीतरी म्हणायचं, "दमलीस ना, बाळ?" आणि तेवढ्या शब्दासाठी ताई दिवसभर जगायची. चमच्याच्या आवाजाकडे तिनं कानाडोळा केला. आवाज फार वाढला की ती घासायचं यंत्र चालू करायची.

आई वाळत चालली. गळ्याखालची हाडं दिसायला लागली. कुणाची तरी कवळी पोहोचवायला ताई डॉक्टरांकडे गेली तेव्हा त्यांनी आईची चौकशी केली.

"कवळीचं काय केलंस त्यांच्या?" डॉक्टर म्हणाले.

"करतेय," ताई म्हणाली.

"मग सध्या खातात कशा?"

ताईनं पिशवी उचलली आणि निघाली. वाटेत तिच्या लक्षात आलं की आवाज अलीकडे हळू झालाय. काल तर नीट ऐकूही आला नव्हता. आधी तिला बरं वाटलं. मग त्या बरं वाटण्याचीच तिला भीती वाटली आणि ती जवळजवळ पळत घरी आली.

आई टेबलाशी बसली होती. समोर दोन ग्लास तयार. तोंड प्रसन्न. उजवा हात टेबलावर पालथा पडलेला, आणि चमचा त्याच्या शेजारी. हात चमच्याकडे गेलाही नव्हता.

"ये, बाळ. मोती गरम आहेत."

ताईनं तो हात उचलला. गार, हलका. तिनं चमचा त्या बोटांत घातला, बोटं त्याच्याभोवती मिटवली. "वाजव," ती म्हणाली. "आई, वाजव ना. एकदा वाजव."

बोटं उघडली आणि चमचा खाली पडला.

तिखट, कटकटी, जिनं कधी एक गोड शब्द दिला नाही अशी तिची आई त्या शरीरात कुठेतरी तळाशी होती. आजवर तिनं लेकीला हाका मारल्या होत्या आणि लेक यंत्र चालू करून बसली होती. आता तिनं हाका मारणं सोडलं होतं.

त्या दिवशी ताई मागच्या खोलीतून उठली नाही. मेण काढलं, साचा भरला, शिजवला, फोडला, कवळी घासली. आईच्या जुन्या दातांना पुढे एक किंचित तिरका दात होता. आईनंच हट्टानं ठेवायला लावलेला, "माझा होता तसाच हवा" म्हणून. ताईनं तो तस्साच बसवला. पॉलिश करून नवी कवळी तिनं स्वच्छ फडक्यावर ठेवली आणि बाहेर आली.

"आई, हे बघ, तुझी तयार झाली. ती काढ आता."

"असू दे की, बाळ. ही चांगली आहे."

ताईनं हात पुढे केला तशी आईचे दात घट्ट मिटले. ओठांवर हसू तसंच होतं, पण जबड्याचे स्नायू दगडासारखे. वाळलेल्या त्या बाईत इतकं बळ कुठून आलं, कोण जाणे. ताईनं दोन्ही हातांनी प्रयत्न करून पाहिला. तोंड उघडलं नाही. मग ती बाजूला झाली, केस नीट केले आणि म्हणाली, "बरं. आज मी मोती करते. तू बस."

ती स्वयंपाकघरात गेली. पाण्याला खळखळ उकळी आणली, ते पिठावर ओतलं आणि हात घातला. तळवे भाजले. ती मळत राहिली. दोरे वळले, तिचे ओबडधोबड झाले, तुकडे लहानमोठे. मोती उकळले, गाळले. पाकाचं पातेलं शेजारीच होतं. ताईनं त्यात मोती टाकले नाहीत. ताटलीत पसरून खिडकीत ठेवले आणि ते एकमेकांना धरून एक चकाकता काळा गोळा होईपर्यंत तिथेच उभी राहिली. मग त्या गोळ्याचे मोठे लचके तोडून ग्लासात टाकले आणि वर चहा ओतला. नळीतून ते वर येणार नव्हते, म्हणून चमचा घेतला.

बाहेर ती आईच्या समोर बसली. त्या तोंडानं ग्लासकडे पाहिलं, मग ताईकडे. म्हाताऱ्या डोळ्यांत दुसरंच कुणीतरी बसलं होतं आणि त्याला सगळं समजलं होतं.

"पाकात घातले नाहीस," ते म्हणालं.

"नाही."

"मला माहीत आहे, तू माझी नाहीस. माझी नात काही आली नाही." मग ते हळूच म्हणालं, "पण तुलाही चालतच होतं ना, बाळ?"

ताईला रडू कोसळलं. "हो," ती म्हणाली. "चालत होतं."

तिनं चमचा भरून पुढे धरला. त्या तोंडाला नाही म्हणता आलं असतं. पण मोती समोर होते, आणि ज्या गोष्टीसाठी दात केले ती गोष्ट नाकारणं त्या दातांना जमलं नसावं. तोंड उघडलं. दाढा मिटल्या. एकदा, दोनदा, आनंदानं. मग जबडा अडकला. काळा चिवट गोळा वर आणि खाली घट्ट बसला होता. तोंड उघडायला गेलं तेव्हा वरच्या कवळीची हवेची पकड सुटली, चप्प असा आवाज झाला, आणि ताईनं बोट घालून वरची, खालची आणि मधला गोळा असं सगळं एकदम बाहेर ओढलं.

आईचं तोंड आत बसलं. मान पुढे पडली. ताईनं दात चाचपडत पाण्याच्या ग्लासात सोडले, हात फडक्याला पुसले, नवी कवळी घेतली आणि बसवली. मग ती आईच्या पायाशी जमिनीवर बसली आणि वाट बघत राहिली.

बराच वेळ काही झालं नाही. बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. आईचा जबडा हलला. डावीकडे, उजवीकडे. डोळे उघडले.

"दार उघडं टाकलंस परत," आई म्हणाली. "सगळी धूळ आत येतेय."

ताई उठली, दार लावलं, दाराला कपाळ टेकून मनसोक्त रडली. आई तिला थांब म्हणाली नाही. रडणं संपल्यावर ताईनं चहा केला, बिनसाखरेचा, काळा. भात मऊ शिजवला. आईनं चार घास खाल्ले, पाचवा ढकलला. चहा पाणचट आहे असं म्हणाली. मग दात ठेवलेल्या ग्लासाकडे बोट दाखवून म्हणाली, "ते झाकून ठेव आधी. आणि तो गोड चिखल पुन्हा माझ्या घरात शिजता कामा नये."

ताईनं ग्लासावर ताटली ठेवली आणि येऊन समोर बसली. आई कपातला चहा ढवळत होती, साखर नसताना.

"ऐकू येत होतं ना तुला?" आईनं वर न बघता विचारलं.

"काय?"

"मी वाजवत होते ते."

"नाही," ताई म्हणाली. "म्हणजे, मला वाटलं पाक ढवळतेयस."

लेकीचं खोटं आईनं आजवर कधी सोडून दिलं नव्हतं. ती ताईकडे बघत राहिली. ताईची मान खाली गेली.

"ती तुला बाळ म्हणायची," आई म्हणाली.

"हो."

"म्हणून नाही आलीस."

आईनं तोंड उघडलं, तो तिरका दात दिसला, ओठांनी काहीतरी शब्द जुळवायचा प्रयत्न केला आणि तो शब्द काही येईना. तिला सवयच नव्हती. शेवटी तिनं तोंड मिटलं, चमचा उचलला, आणि तोंडात सगळे दात असूनसुद्धा कपाच्या कडेवर वाजवला. दोनदा सावकाश, एकदा झटकन.

"आले," समोर बसलेली ताई म्हणाली. "आले, आई."